तीन भिंतींचं विमान

अण्णांनी जन्मभर जे जे बांधलं ते सगळं खोटं होतं, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! नाटकांचं नेपथ्य करायचे ते. राजवाडे बांधले, तुरुंग बांधले, एकदा तर चक्क समुद्र बांधला. त्या समुद्राच्या पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या लोकांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या म्हणतात. आणि तुरुंग असा पक्का झाला होता की आत कोंडलेला खलनायक पडदा पडला तरी बाहेर येईना. शेवटी त्याच्या बायकोनं गजांमधून हात घालून त्याला घास भरवले, मग करवत आली. खलनायकाला विचाराल तर तो सांगतो, दोन दिवस होतो आत. त्याची बायको म्हणते, अर्धा तास. खरं काय ते त्या गजांना ठाऊक.

असे हे अण्णा, पण विमानात कधी बसले नव्हते. "जे मी ठोकलेलं नाही, त्याच्यात मी बसत नाही," असं सांगायचे. बसची सीटसुद्धा आधी हातानं दाबून बघायचे.

आणि मुलगी निघाली ती नेमकी आकाशात. तिचं घरातलं नाव ठमी. लहानपणी जिथे बसेल तिथून उठायची नाही म्हणून ठमी. ती मोठी होऊन लांब पल्ल्याच्या विमानांत कामाला लागली, एका दमात अर्धी पृथ्वी ओलांडणाऱ्या. कुणी तिला हवाईसुंदरी म्हटलं की ती म्हणायची, "सुंदरी पहिल्या तासात संपते. पुढे हमालच उरतो." हमालीतून चढत चढत ती विमानातल्या सगळ्या सेवकांची मुख्य झाली. घरी यायची ती पाहुण्यासारखी. आली की आधी घड्याळ जुळवायची, ते जुळेपर्यंत निघायची वेळ.

ती हवेत असली की आईचा डोळा लागायचा नाही. आई म्हणजे अण्णांची बायको. अण्णांच्याच नाटक कंपनीत ती प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहून, अडलेल्या नटाला पुढची ओळ हळूच सांगणारी. सगळ्या नाटकांच्या सगळ्या ओळी तिला पाठ. पण ठमी उडाली की ती अंथरुणावर आढ्याकडे बघत पडायची, जणू काही विमान तिनंच डोळ्यांनी वर धरून ठेवलंय. अण्णा म्हणायचे, "अगं, झोप. पायलट जागा आहे." ती म्हणायची, "त्याची आई झोपली असेल का?"

मग एक दिवस ठमीची कंपनीच बंद पडली. ती दोन बॅगा घेऊन घरी आली, चार दिवसांसाठी. चार दिवस संपेचनात. आणि घर असं भरलं म्हणता! सकाळी न्हाणीघराच्या दारावर थापा, दुपारी पंख्याच्या वेगावरून भांडण, संध्याकाळी तिघांनी मिळून एकाच वर्तमानपत्राची ओढाताण. आई झोपायला लागली. अण्णा तिच्या घोरण्यानं जागे व्हायचे आणि तक्रार न करता ऐकत पडायचे.

अशात एका सकाळी चहाच्या वेळी ठमी म्हणाली, "अण्णा, मला विमान कंपनी काढायचीय."

अण्णांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तिथेच राहिलं आणि तळाला गेलं.

"मोठ्या विमानात बघा," ठमीनं टेबलावरचे चमचे एका मागे एक लावले, "मागे शेकडो माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात. पुढे मूठभर माणसं पलंगावर झोपून जातात. आणि कंपनीचं पोट भरतं ते पुढच्यांवर."

"मग मागचा भाग न्यायचाच कशाला?" अण्णा म्हणाले.

"तेच म्हणतेय मी! लहान विमान. लांबचा प्रवास. सगळ्याच खुर्च्या बिझनेस क्लासच्या, प्रत्येक खुर्चीचा पलंग. मागे कुणी नाहीच."

"म्हणजे नाट्यगृहात पुढचीच रांग. बाल्कनी नाही."

"अगदी तस्सं."

आईनं कप खाली ठेवला. "आणि हे इतकं सोपं आजवर कुणाला सुचलं नाही?"

"सुचलं की. बऱ्याच जणांना सुचलं. त्यांनी कंपन्या काढल्या आणि बुडाल्या."

"वा! छान."

"ऐक ना आई. ते ऑफिसच्या पैशानं फिरणाऱ्या साहेबांच्या भरवशावर बसले होते. तेल महागलं, धंदा मंदावला, की साहेबाचं ऑफिस सगळ्यात आधी साहेबाचा पलंग काढून घेतं. साहेब मुकाट्यानं मागे जाऊन बसतो. पण यांच्या विमानाला मागेच नव्हतं!"

"मग तुझ्या विमानाला आहे?"

"माझ्या विमानात साहेब नसतील. म्हणजे आले तर बसू देत बापडे. पण मी काढतेय ती आयुष्यात एकदा-दोनदाच लांब जाणाऱ्यांसाठी. मुलीच्या बाळंतपणाला जाणारी आई बघितलीयस तू? उतरते तेव्हा पाय उशीएवढे सुजलेले असतात, चपलेत मावत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं. शेवटचं भेटायला निघालेली माणसं, त्यांना तर कुणी रडायलाही कोपरा देत नाही. हे सगळे एकदा तरी नीट आडवं होऊन जायला तयार असतात. मी विचारलंय त्यांना. इतकी वर्षं पाणी देता देता विचारलंय."

अण्णांना त्या सुजलेल्या पायांची बाई डोळ्यासमोर दिसली. ठमीचं बोलणं पटलं, आणि पटलं हेच वाईट झालं. कारण पुढचं वाक्य ठमीनं चमचे गोळा करता करता म्हटलं, "जमलं, तर विमान उतरतं त्या पलीकडच्या शहरात मलाच राहावं लागेल. निदान सुरुवातीला."

सुरुवातीला म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. आईनं चहाचं पातेलं उगाच पुन्हा घासायला घेतलं.

*

भांडवल देऊ शकेल असं माणूस गावात एकच होतं, ट्रकवाल्या बाई. त्यांच्या ट्रकांची रांग एवढी लांब, की असं म्हणतात, पहिल्या ट्रकचा दिवा इथे मालवला की शेवटच्या ट्रकवाल्याला ते कळायला दुसरा दिवस उजाडतो. पहिला ट्रक त्यांनी स्वतः चालवला होता. कुठल्याही सौद्याआधी त्या गाडीभोवती एक चक्कर मारत आणि टायरला लाथ घालून बघत. ठमी त्यांच्याकडे आकडे घेऊन गेली तर त्या म्हणाल्या, "कागदावर सगळ्यांच्याच गाड्या पळतात गं. मला बसून बघायचंय."

आता विमान आणायचं कुठून? ठमी घरी आली आणि अण्णांसमोर उभी राहिली. लहानपणी पतंग हवा असायचा तेव्हा उभी राहायची तशीच.

"अण्णा, तुम्ही बांधाल?"

अण्णांच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, नाही म्हण, हात दुखतो म्हण, पोरगी घरात राहील. दुसरा सुतार होता. त्यानं पेन्सिल कानावर ठेवलीसुद्धा.

नाटक कंपनीच्या गोडाऊनमध्ये जुन्या नाटकांचा संसार पडला होता. राजवाड्याचे खांब, तुरुंगाचे गज, पत्र्याचा एक चंद्र. अण्णांनी जहाजाच्या नाटकातल्या गोल खिडक्या काढून तासून लांबट केल्या. सामान ठेवायचे वरचे कप्पे कुठल्याशा घरगुती नाटकातल्या फडताळांचे झाले. छताला अशी गोलाई दिली, की खाली उभं राहिलं की कानात दडे बसायचे. निदान खलनायकाला तरी बसायचे.

खुर्च्यांवर मात्र अण्णा अडले. नाटकातल्या पलंगावर कुणी झोपत नसतं. नायिका मरते, टाळ्या पडतात, उठते. हा पलंग खरा हवा होता. अण्णांनी फळ्या बदलल्या, फोम बदलला, बिजागऱ्या तेलात बुडवल्या. रोज नवी खुर्ची झाली की आई त्यावर आडवी व्हायची. "कंबर बोलतेय," म्हणाली की अण्णा खुर्ची पुन्हा उघडायचे. होता होता एक दिवस ती आडवी झाली आणि काही बोललीच नाही.

"काय झालं?"

"कंबर गप्प बसली," आई हळूच म्हणाली. अण्णांनी तो पलंग नमुना धरून बाकीचे केले.

तोवर ठमी घरात येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होती, आणि आईचं ते केव्हाच पाठ झालं होतं. ठमी अडली की आई भाजी चिरता चिरता, मान वर न करता पुढची ओळ सांगायची. एकच भाग ठमीला आवडत नसे.

"बाई विचारतील, एकच विमान, ते आजारी पडलं तर काय?" आई म्हणायची. "तेव्हा काय म्हणशील?"

"म्हणीन, दुसरं घेऊ."

"आणि त्या म्हणतील, पहिल्याचाच पत्ता नाही. तू ते तारखांचं सांग."

तारखांचं म्हणजे असं. स्वतःचं विमान घ्यायचंच नाही. दुसऱ्या कंपनीचं विमान, त्यांच्या पायलटसकट, ठरावीक तारखांना भाड्यानं घ्यायचं. सुट्ट्या लागतात तेव्हा, लोक खरंच लांब जातात तेव्हा. बाकीचे दिवस उडायचं नाही. ही युक्ती ठमीचीच होती, पण तिला ती लहान वाटायची. शेपटीवर आपला रंग असलेलं विमान तिनं मनात इतक्यांदा उडवलं होतं, की भाड्याचं म्हटलं की तिचं नाक वर व्हायचं.

"बरं बाई, सांगीन," ती म्हणायची. "अगदीच अडले तर."

"अडलीस तर मी आहेच," आई म्हणायची.

अण्णा हे सगळं रंधा मारता मारता ऐकत. त्यांना कुणी पाठ करायला सांगितलं नव्हतं.

*

शेवटचा आठवडा ठमी बाहेरगावी होती, विमानं भाड्यानं देणाऱ्यांकडे खेटे घालत. ती परतली ती बाई यायच्या दिवशीच सकाळी, आणि थेट गोडाऊनमध्ये आली. आत नाटकातली मंडळी जमली होती, प्रवासी म्हणून. खलनायक, आणि नायिकेचं काम करून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्या अजूनही कुणाशी बोलताना डावा गालच पुढे करायच्या.

ठमी विमानासमोर उभी राहिली. हात तोंडावर गेला. अण्णांची छाती फुगली.

"अण्णा, किती सुंदर झालंय!" मग ती जरा थांबली. "अण्णा, ही बाजू?"

"कुठली बाजू?"

"ही. मी उभी आहे ती. इथली भिंत कुठेय?"

अण्णांनी बघितलं. अगदी मनापासून बघितलं. डावीकडे भिंत होती, उजवीकडे होती, मागे खिडक्यांची होती. "इथे कशी असेल? इथे प्रेक्षक बसतात."

"विमानाला प्रेक्षक नसतात, अण्णा!"

"दुर्दैव त्यांचं," खलनायक आतून म्हणाला.

"अहो, हे विमान एका बाजूनं उघडं आहे! बाई काय म्हणतील? वारा येतोय म्हणतील!"

अण्णांना घाम फुटला. मापं सगळी तिनं दिलेलीच होती, एकही बोट इकडचं तिकडे नव्हतं. पण हातांना जन्मभराची सवय, त्यांनी तीन भिंती बांधल्या आणि काम झालं म्हणून हातोडी ठेवली. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ. पण मनातल्या त्या पहिल्या माणसानं तर हात धरला नसेल ना, असं त्यांच्या मनात आलं. ते खिळे शोधायला म्हणून खांबांच्या मागे गेले.

तिथून त्यांना आई ठमीला म्हणताना ऐकू आली, "ओरडू नकोस गं त्यांना."

"अगं पण आई, एवढी मोठी भिंत माणूस विसरतो?"

"तू विमानतळावर आत जायचीस ना, ते काचेचं दार बंद व्हायचं. मग हे तिथेच उभे राहायचे. किती वेळ! मी म्हणायची, चला आता, काही दिसत नाही. तर म्हणायचे, थांब, दिसेल." आईनं ठमीच्या खांद्यावरची धूळ झटकली. "आता एकदाचं त्यांच्या हातात विमान आलं, तर ते तुला आत घालून बंद कसं करतील?"

ठमीनं उघड्या बाजूकडे पुन्हा एकदा बघितलं. अण्णा खिळे हातात घेऊन खांबामागेच उभे राहिले. आपल्याला जे माहीत नव्हतं ते बायकोला कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं. ट्रकवाल्या बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या.

*

बाई आल्या, तीन भिंती बघितल्या, म्हणाल्या, "हवेशीर आहे." मग विमानाभोवती चक्कर मारून टायर शोधला. टायर नव्हता. मग त्यांनी पुढच्या खुर्चीच्या पायाला एक लाथ हाणली. पाय हलला नाही. बाईंची बोटं मात्र दुखावली असावीत, कारण त्या खुर्चीवर बसल्या त्या बूट चोळतच.

"चालू द्या," त्या म्हणाल्या.

अण्णा विंगेत उभे राहिले. म्हणजे विंग नव्हती, पडद्याचा एक तुकडा त्यांनी सवयीनं बाजूला टांगला होता. ठमी जुना गणवेश घालून आली, कंपनीचं चिन्ह उसवून काढलेला. ती बोलायला लागली आणि अण्णांना पहिल्यांदाच दिसलं की आपली मुलगी काम करताना कशी दिसते. वाकून उशी देते, ती हवेतून यावी तशी हळूच येते. कपाची कडी पाहुण्याच्या हाताकडे वळवून ठेवते. घरात हीच कप आपटते!

खलनायकाचं काम फक्त झोपायचं होतं. तालमीत त्यानं अण्णांचं डोकं खाल्लं होतं, "मी झोपतो तो का झोपतो? माझ्या मनात काय आहे?" आता बाईंना बघून त्याला राहवेना. "सेविके!" तो गरजला. "आमच्या पायांशी हे कोण?"

"ते तुमचेच पाय आहेत, साहेब," ठमी गोड आवाजात म्हणाली आणि बटण दाबून खुर्ची सपाट केली. खलनायक वाक्याच्या मध्यावर आडवा झाला. पुढचं वाक्य त्यानं तयार ठेवलं होतं, पण पलंगानं ते गिळलं. हात वर उचललेला होता, तो हळूहळू खाली आला, आणि तो खरोखर झोपला. नायिकाबाई डावा गाल वर ठेवून त्याच्याही आधी झोपल्या होत्या.

आई पडद्याजवळच्या पलंगावर होती. ठरलं होतं तसं, म्हणजे ठमी अडली तर उशीवरूनच ओळ देता येईल.

बाई एकेक विचारत गेल्या. साहेब नाही आले तर? ठमीनं सुजलेल्या पायांच्या बाईचं सांगितलं. बाईंनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मोठ्या कंपन्यांनी भाव पाडला तर? ठमीनं सांगितलं. तिचा आवाज चांगला लागला होता.

मग बाई पुढे वाकल्या. "ठीक आहे. विमान एकच. ते आजारी पडलं तर? माझा एक ट्रक बिघडला तर दुसरा जातो. तुझी ती बाळंतपणाला निघालेली आई काय करेल? विमानतळावर बसेल?"

ठमीनं तोंड उघडलं आणि सवयीनं तिची नजर आईकडे गेली.

आई झोपली होती.

नाटकातलं झोपणं नव्हे. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर, चष्मा नाकावरून कलंडलेला. इतकी वर्षं जिनं रात्ररात्र विमानं वर धरून ठेवली, ती लाकडाच्या विमानात गाढ झोपली होती, कारण ठमी तिच्यापासून चार पावलांवर, जमिनीवर उभी होती.

ठमीचे शब्द गेले. ती नुसतीच बघत राहिली. हातातली उशी तिनं छातीशी धरली.

"काय गं?" बाई म्हणाल्या. "उत्तर नाही?"

पडद्याच्या तुकड्यामागे अण्णांच्या तोंडात ती ओळ येऊन बसली होती. रंधा मारता मारता पाठ झालेली. एकच शब्द पुरे होता. आणि काहीच न बोलणं त्याहून सोपं होतं. चूक कुणाचीच झाली नसती. बाई उठून गेल्या असत्या, ठमी आठवडाभर रडली असती, मग न्हाणीघराच्या दारावर थापा मारायला लागली असती. आणि त्यांची बायको रोज अशीच झोपली असती, तोंड किंचित उघडं टाकून.

अण्णांनी बायकोकडे बघितलं. मुलीकडे बघितलं. ठमी उशी छातीशी धरून उभी होती, आणि तिचा चेहरा त्यांना पुरता दिसत होता, कारण मध्ये भिंत नव्हती.

"तारखा," अण्णा कुजबुजले.

आता जन्मभर हातोडी चालवलेल्या माणसाचे कान कसे असणार? त्यांना वाटलं आपण कुजबुजलो. ती कुजबूज अशी झाली, की पत्र्याचा चंद्र खिळ्यावरून निसटला, बाहेर बाईंच्या गाडीत डुलकी घेणाऱ्या ड्रायव्हरनं दचकून हॉर्न दाबला, आणि खलनायक झोपेतच "नाही! नाही!" करून कुशीवर वळला. आई मात्र हलली नाही.

"तारखा घ्यायच्या, ठमे!" अण्णांना वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं.

ठमीनं पडद्याकडे बघितलं. एक क्षण ती हसणार की रडणार ते ठरेना. मग ती बाईंकडे वळली.

"विमान घ्यायचंच नाही," ती म्हणाली. "आधी तारखा घ्यायच्या." आणि मग ती न अडता बोलत गेली. दुसऱ्याचं विमान, त्यांचे पायलट, सुट्ट्यांच्या आगेमागे ठरावीक दिवस. ते विमान आजारी पडलं तर दुसरं देणं त्यांच्यावर बंधनकारक, हे आधीच करारात घालायचं. खुर्च्या भरल्या तर पुढचा मोसम. शेपटीवर रंग मात्र त्यांचा राहील, हे सांगताना तिचा आवाज एकदाच खाली गेला.

बाईंचा हात बुटावर थांबला.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"लहान वाटत होतं."

"पहिला ट्रक मी भाड्यानं चालवला. दारावर दुसऱ्याचं नाव होतं. त्या नावाला रोज शिव्या घालायची, आणि रोज पुसायची फडक्यानं." बाई उठल्या, लंगडत आईच्या पलंगाशी आल्या आणि वाकून बघायला लागल्या. "या बाईंचं काम सगळ्यात चांगलं झालं. अजून करतायत."

"काम नाही करत," अण्णा पडद्यामागून बाहेर आले. "झोपलीय. ही पोरगी हवेत असली की तिला झोप येत नाही. आता जमिनीवर आहे ना."

बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "मग पुन्हा हवेत पाठवायला कशाला ओरडलात? गप्प बसायचं होतंत."

"ओरडलो कुठे? हळूच म्हणालो."

बाई हसल्या नाहीत. वाट बघत उभ्या राहिल्या.

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "ती अडली होती हो," ते म्हणाले. "अडलेल्या माणसाला त्याची ओळ द्यायची. आमच्याकडे दुसरं काही शिकवतच नाहीत."

बाईंनी मान हलवली. मग ठमीला म्हणाल्या, "एक मोसम. तारखांचा. त्याच्या पुढचं पुढे बघू. आणि पलीकडे तूच बसायचंस, पगारी माणूस नको. पहिली तक्रार तुझ्याच कानात पडली पाहिजे." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आणि पलंग असेच पाहिजेत. खऱ्या विमानात असे मिळत नसतील तर सांग, याच विमानाला मी चाकं लावते."

*

बाई गेल्या तरी ठमी उशी धरूनच उभी होती. मग ती येऊन अण्णांच्या खांद्याला टेकली. लहानपणी टेकायची तेव्हा कमरेला लागायची. आता तिलाच वाकावं लागलं.

"तुम्हाला ओळ पाठ होती?"

"छे. ऐकून ऐकून कानात राहिली."

"तुमच्या कानात?" ती नाक ओढत म्हणाली. "ज्या कानात दाराची घंटा जात नाही त्या?"

"घंटा काय, कुणासाठीही वाजते."

ती तशीच टेकून म्हणाली, "पहिल्या तारखेला तुम्ही दोघं यायचं. पलीकडे. मी तिकडे उतरवून घ्यायला उभी असेन."

"जे मी ठोकलेलं नाही त्याच्यात..."

"पलंग तुमच्या मापाचेच असतील."

"आणि भिंती?"

"चार असतील, अण्णा. बंद असतं ते."

अण्णांनी विचार केला. "मग मी खिडकीशी बसणार," ते म्हणाले. "आणि आधी दाबून बघणार. पायलटला सांगून ठेव."

ठमी चहा करायला गेली. खलनायक उठला होता आणि नायिकाबाईंना सांगत होता की आपण दोन दिवस झोपलो होतो. अण्णा आईच्या शेजारच्या पलंगावर बसले. बिजागरी कुरकुरली नाही. त्यांनी हात लांब करून तिचा कलंडलेला चष्मा काढला आणि आपल्या खिशात ठेवला, तेवढ्यानं ती जागी झाली. तिनं आजूबाजूला बघितलं. गोल छत, लांबट खिडक्या, शेजारी नवरा.

"पोचलो का हो?" तिनं विचारलं.

"नाही गं," अण्णा म्हणाले. "अजून निघायचंय."

"मग उठवलंत कशाला?" असं म्हणून ती कुशीवर वळली, आणि वळता वळता तिनं त्यांचा हात धरून उशीखाली घेतला. आता तो सोडवून घ्यायचा म्हणजे ती पुन्हा जागी होणार. अण्णा तसेच अवघडून बसून राहिले. समोर, जिथे भिंत नव्हती तिथून, त्यांना ठमी येताना दिसत होती. दोन्ही हातांत कप, कड्या त्यांच्याकडे वळवलेल्या.